पाठमोरी पीली

१

सकाळी सात वाजता तन्वीच्या दोन वेण्या घालणं, हे या घरात मला मिळालेलं पहिलं खातं. बाकीची खाती आधीच वाटून झाली होती. फोडणी सासूबाईंकडे, भाजी आणणं सासऱ्यांकडे, आणि प्रत्येक पदार्थावर शेव भुरभुरणं ज्याच्या हाताला डबा लागेल त्याच्याकडे. जळगावहून लग्न होऊन इंदूरला आले त्याला आता चार महिने झालेत. इथे वरणावरही शेव घालतात हे मी माहेरी सांगणं बंद केलंय, कारण मीही घालते.

तन्वी माझ्या मोठ्या दिरांची मुलगी, सहावीतली. दीर आणि जाऊबाई दोघांची बदली भोपाळला झाली. पोरीची शाळा मध्येच सोडवायला नको म्हणून ती आजी-आजोबांकडे राहिली, आणि मी आल्यावर फणीसकट माझ्याकडे आली. तिच्या डाव्या गालाला खळी पडते. आधी खळी हसते, मग तन्वी. आणि मानेवर, केस सुरू होतात तिथे बरोबर मधोमध, मोहरीएवढा तीळ. भांग काढताना मी कपाळापासून त्या तिळावर नेम धरते, म्हणजे भांग सरळ येतो. हे तिला माहीत नाही. तिला वाटतं काकूच्या हातात जादू आहे.

दुसरं खातं मी स्वतः मिळवलं. लालबागेजवळच्या तिच्याच शाळेत कम्प्यूटर लॅबला मदतनीस हवी होती. "एक महिना देखते हैं," असं म्हणून लॅबच्या प्रमुख शांता मॅडमनी मला घेतलं. काम सोपं होतं. सहावीची अठ्ठावीस मुलं 'हमारा इंदौर' नावाची वेबसाइट बनवणार, प्रत्येकाचं एक पान. त्यांना नेटवर मोकळं सोडायचं नाही. सगळी चित्रं आधी मी शोधायची, तपासायची, एका फोल्डरमध्ये ठेवायची, आणि मुलांनी फक्त त्यातूनच घ्यायची. फोल्डरचं नाव 'सेफ'.

नियम तीन. रक्त, शस्त्र, सिगारेट काही नको. ज्याची परवानगी नाही ते चित्र नको. आणि खऱ्या मुलाचं काहीही नको. चेहरा तर नाहीच नाही. प्रत्येक चित्राची छोटी छापील प्रत एका कागदावर चिकटवून त्यापुढे मी हाताने लिहायचं, 'देखा, ठीक है', आणि सही करायची.

"कुछ गड़बड़ निकली तो सही आपकी है, अबोलीजी," मॅडम गोड हसून म्हणाल्या.

२

हे काम किती निसरडं आहे ते पहिल्याच दिवशी कळलं. 'सफाई मित्र', म्हणजे सफाई कामगार, शोधलं तर साबणाच्या जाहिराती. 'पोहे' शोधलं तर प्रत्येक बशीवर कुणातरी छायाचित्रकाराचं नाव आडवं पसरलेलं. 'हसरी नर्स' शोधलं आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई चहा घेऊन मागे उभ्या राहिल्या. स्क्रीनवरच्या नर्सबाई हसऱ्या होत्या खऱ्या, पण त्यांचा गणवेश कापड कमी पडल्यासारखा होता.

"शाळेचं काम करून राहिली ना तू?" सासूबाई म्हणाल्या.

"हो आई. नर्स शोधतेय."

"हं. हिला तर स्वतःलाच सर्दी होईल." चहा ठेवून त्या गेल्या. त्या दिवशी आमची खरी ओळख झाली असं मी मानते.

एकच चित्र मिळेना. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक मुलगी हवी होती, हात करून 'हे बघा राजवाडा', 'हे बघा सराफा' असं दाखवणारी. नेटवरच्या मुली एक तर सोनेरी केसांच्या, नाही तर लिपस्टिक लावलेल्या. शेवटी मीच काढली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, उजवा हात पुढे केलेला. चेहरा मला कधीच जमत नाही, डोळे वरखाली होतात. म्हणून पाठमोरी काढली.

शांता मॅडम खूश झाल्या. "वा! चेहरा ही नहीं है, तो प्रॉब्लम ही नहीं है."

मी लिहिलं, 'देखा, ठीक है.' सही केली. मुलांनी दोन दिवसांत तिचं नाव ठेवलं, पीली दीदी. चित्र एकच, फोल्डरमधलं, आणि तेच अठ्ठावीस पानांवर दिसायचं. तन्वी तर लॅबमध्ये तिच्याशी बोलायची. "पीली, थोडी सरक ना, मला राजवाडा मोठा करायचाय."

३

पुढच्या सोमवारी रुचीचं पान तपासताना पीलीच्या उजव्या वेणीला लाल स्ट्रॉबेरीची क्लिप दिसली.

"रुची, तू चित्रात काही जोडलंस?"

"नहीं मॅम." मग तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "अरे! ये तो मेरी क्लिप जैसी है. मेरी वाली खो गई."

सहावीतल्या मुलींच्या क्लिपा हरवतातच. आणि कुणीतरी गंमत म्हणून चित्रात क्लिप काढली असणार. मी फाइल उघडून पाहिली. शेवटचा बदल झाल्याची तारीख तीच होती, मी चित्र काढलं त्या दिवसाची. म्हणजे गंमत करणारा हुशार होता, तारीख फिरवणारा. मी जुनं चित्र परत टाकायला माझ्या पेनड्राइव्हमधली मूळ फाइल उघडली.

त्यातही क्लिप होती.

पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्ये असतो आणि पर्स माझ्या खांद्याला. तरी मी स्वतःला समजावलं की क्लिप मीच काढली असेन आणि विसरले असेन. लग्नानंतर मी बरंच विसरायला लागले आहे. गॅस बंद केला की नाही हे रोज दोनदा बघते.

बुधवारी पीली जराशी वळली होती. जराशीच. आधी सगळी पाठ दिसायची, आता डाव्या गालाची कड दिसत होती आणि भुवईचं टोक. भुवईत एक बारीक फट होती, जखम भरल्यावर राहते तशी.

"मॅम, वो रोज थोड़ी-थोड़ी घूमती है," कस्तुरी नावाची मुलगी आनंदाने म्हणाली. "हमने शर्त लगाई है, पहले किसकी तरफ देखेगी."

कस्तुरीची भुवई मला चांगली लक्षात होती. पहिल्याच दिवशी तिने ती बोटाने दाखवून, झोक्यावरून पडून चार टाके कसे पडले याची गोष्ट मला सांगितली होती. मी वाकून बघितलं. भुवई अखंड होती, कोरल्यासारखी.

"कस्तुरी, तुझे टाके पडले होते ना इथे?"

"मेरे? नहीं तो मॅम." आणि ती हसली, जसं एखाद्या नव्या बाईला सगळ्यांची नावं अजून पाठ झाली नाहीत यावर हसावं.

४

गुरुवारी सकाळी तन्वीचा भांग वाकडा आला. मी मोडून पुन्हा काढला. पुन्हा वाकडा. तिसऱ्यांदा फणी मानेपर्यंत नेली तेव्हा कळलं की मी ज्यावर नेम धरते तेच तिथे नव्हतं.

"काकू, जल्दी कर ना, बस निघून जाईल."

मी ओल्या बोटाने तिची मान पुसली. नुसती, स्वच्छ, गोरी मान.

"आई," मी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "तन्वीच्या मानेवरचा तीळ कुठे गेला?"

सासूबाई कढई तशीच ठेवून आल्या. चष्मा वर करून पाहिलं. "कुठला तीळ?"

"हा इथला. मधोमध."

"हिला कधी तीळ होता? मी हिला न्हाऊमाखू घातलंय गं, सव्वा महिन्याची असल्यापासून." मग मायेने म्हणाल्या, "तुला झोप कमी होऊन राहिली. दिवसभर त्या स्क्रीनमध्ये डोळे घालून बसते. आज बदाम भिजवते तुझ्यासाठी."

मी नवऱ्याला, निखिलला, विचारलं. तो बुटाची नाडी बांधत होता. "तन्वीला तीळ? नाही यार. तुझ्या कुठल्या तरी बहिणीला असेल."

लग्नाच्या फोटोंत तन्वी करवली म्हणून माझ्या मागे उभी आहे, हातात कऱ्हा, कॅमेऱ्याकडे पाठ, मान खाली. मी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. मान स्वच्छ होती.

आता या घरात नवी मीच. तीस वर्षं इथे राहिलेल्या माणसांचं खरं की चार महिन्यांच्या सुनेचं? मी बदाम खाल्ले. चांगले होते.

शाळेत गेले, लॅबचं कुलूप उघडलं, पहिला कम्प्यूटर लावला. पीलीच्या मानेवर, दोन वेण्यांच्या मधोमध, मोहरीएवढा तीळ होता. मी काढलेला भांग बरोबर त्याच्यावर येऊन थांबत होता.

५

शुक्रवारी नाश्त्याला सासऱ्यांनी काहीतरी विनोद केला. तन्वी हसली आणि तिच्या गालावर खळी पडायला जरा उशीर लागला. पडली, पण उथळ, ओल्या भिंतीवर बोट टेकवून काढून घ्यावं तशी. कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझा हात पोह्यांच्या बशीतच राहिला.

कारण आता मला हिशेब सरळ दिसत होता. आज खळी जाईल, आणि सासरे म्हणतील, हिला खळी कधी होती? मग आवाज जाईल, हसणं जाईल. आणि एका सकाळी मी फणी घेऊन बसेन, तन्वीला हाक मारेन, आणि सासूबाई स्वयंपाकघरातून चष्मा वर करत येतील आणि विचारतील, कोण तन्वी? फोटोत माझ्या मागे कऱ्हा धरून कुणीच नसेल. आणि मला पुन्हा बदाम मिळतील.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पालकांसमोर प्रदर्शन होतं. मुलांची लॅब दोन वाजता सुटली. शांता मॅडम सभागृहात फुगे लावून घेत होत्या, त्यांचा आवाज इथवर येत होता, "अरे भिया, ये फुग्गा मुँह से नहीं, पंप से!" खिडकीतून लख्ख ऊन आत आलं होतं. अठ्ठावीस स्क्रीन चालू होते आणि पंख्यांचा एकच बारीक घुमारा.

पीली आता पुष्कळच वळली होती. जवळजवळ सगळा गाल. त्यावर खळी उमटायला लागली होती, अर्धवट, नेट हळू असल्यावर चित्र उतरतं तशी.

मी फाइलवर उजवी कळ दाबली. 'डिलीट' वर बाण नेला. आणि थांबले. तीळ तिच्याकडे होता. कस्तुरीची भुवई तिच्याकडे होती. चित्र पुसलं तर ते कुणाकडे जाणार? आपण पाहुण्याला हाकलतो तेव्हा त्याच्या हातात आपलं काय आहे ते आधी बघावं लागतं.

मी खुर्चीत बसले. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटत होती त्याहून जास्त लाज वाटत होती. मी तिला चेहरा दिला नव्हता. मला जमत नाही म्हणून, आणि नियमात बसतं म्हणून. अठ्ठावीस घरांतल्या चेहऱ्यांमध्ये तिला तशीच उभी करून, खाली सही करून मी घरी गेले होते. मग तिने काय करायचं होतं?

मी तन्वीला बोलावते त्याच आवाजात म्हटलं, "ए बाळा. इकडे बघ."

माउसला माझा हात नव्हता. घुमारा चालूच होता. मी पापणी मिटली आणि उघडली, तेवढ्यात ती पूर्ण वळली होती.

फार वेळ पाहिलं नाही. क्लिप होती, भुवई होती, कुणाच्या तरी कानातली चांदीची बाळी होती, कुणाचा तरी पुढचा किडका दात. सगळं नीट बसवलेलं, जपून. फक्त भुवयांच्या खाली काहीच नव्हतं. नुसती सपाट कातडी. आणि ते सगळं तोंड किंचित डावीकडे कललेलं होतं, तिसऱ्या रांगेतल्या पाचव्या खुर्चीकडे. ती तन्वीची जागा.

म्हणजे खळी हा शेवट नव्हता. खळीनंतर तन्वीचे डोळे मागायचं तिने ठरवलं होतं.

मी चित्राची फाइल उघडली, सगळ्यात बारीक ब्रश घेतला. खऱ्या मुलाचं काही नको, हा नियम मला पाठ होता. पण नियमात मुलाचं म्हटलं होतं. मोठ्या माणसाचं कुणी काही लिहिलं नव्हतं. शेजारचा स्क्रीन मी बंद केला. काळ्या काचेत माझा चेहरा दिसला. डावा डोळा उजव्यापेक्षा जरा बारीक, माहेरी आई म्हणायची झोपेतून उठल्यासारखा. काजळ थोडं पसरलेलं. मी एकदा काचेत बघत होते, एकदा तिच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा डोळे वरखाली झाले नाहीत.

कम्प्यूटरने विचारलं, बदल जतन करायचे? मी 'हो' दाबलं.

अठ्ठावीस ठिकाणी तिने पापणी लववली. मग ती पूर्वीसारखी साधी, चपटी झाली, पण आता समोर तोंड केलेली, हसरी, शाळेच्या चित्रातली मुलगी. भुवई साधी, केसांत क्लिप नाही. मी नव्या चित्राची छापील प्रत कागदावर चिकटवली आणि पुढे लिहिलं, 'देखा, ठीक है.' या वेळी खरंच पाहिलं होतं.

६

शनिवारी सकाळी भांग पहिल्या फटक्यात सरळ आला. मी तिळावर बोट ठेवून बराच वेळ बसले.

"आई, हा तीळ बघितला का?"

"त्यात काय बघायचं?" कढईतून आवाज आला. "जन्मापासून आहे. सुईणीने आधी तोच पाहिला होता."

रुचीची क्लिप तिच्याच दप्तरात सापडली. कस्तुरीने येणाऱ्या प्रत्येक पालकाला थांबवून झोक्याची गोष्ट सांगितली, टाके आता सहा झाले होते. दीर-जाऊबाईंना सुट्टी मिळाली नाही, पण व्हिडिओ कॉलवर त्यांनी तन्वीचं पान पाहिलं, आणि तन्वी इतकी हसली की खळीत शेवेचा दाणा मावला असता. शांता मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अबोलीजी, सोमवार से पक्का. और ये पीली की आँखें! कितनी जीती-जागती बनाई हैं."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघून राहिली आहे."

निघताना निखिलने आम्हा तिघींना लॅबमध्ये स्क्रीनांच्या रांगेपुढे उभं केलं, मधे तन्वी, एका बाजूला आई, एका बाजूला हिरव्या साडीतली मी. मोबाइल समोर धरला.

"एक, दो... अरे यार अबोली, डोळे बंद."

"उघडे होते."

"बंद होते. चल, परत. एक, दो... फिर बंद! तन्वी, काकूला गुदगुल्या कर."

तन्वी खिदळली. आईंनी पदर सारखा केला. मी डोळे ताणून उघडे धरले, पाणी येईपर्यंत. निखिलने तिसरा फोटो काढला, मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा मोबाइलकडे. तो हसत होता, पण भुवया जवळ आल्या होत्या.

"काय कमाल आहे," तो म्हणाला. "जाऊ दे. छान आहे तसाच."

मला त्याच्या भुवया दिसत होत्या. सगळंच अगदी स्वच्छ दिसत होतं. आमच्या तिघींच्या पाठी दिसत होत्या. आईंचा अंबाडा, तन्वीचा सरळ भांग, आणि त्या पलीकडे मोबाइल धरलेला निखिल. डावीकडे उभ्या असलेल्या, हिरव्या साडीतल्या बाईच्या खांद्यावरची पदराची पिन सुटून लोंबत होती. सकाळपासून तशीच असणार, आणि कुणी सांगितलं नव्हतं.

मी हात मागे नेला आणि न चाचपडता, एका झटक्यात ती लावली.